श्रावणातली गोळी

श्रावण महिन्यासाठी दिलेल्या चाळीस बाटल्यांपैकी दोनच रिकाम्या परत आल्या. एक बुद्धभूषणची, त्याच्या घरी श्रावण पाळत नाहीत. दुसरी कुसाबाईची. बाकी प्रत्येक बाटलीत तीस-तीस गोळ्या तशाच.

सायलीने कपाळाला हात लावला. निरोगी माणसाने माशाचं तेल घेतलं तर त्याच्या अंगातलं इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं का, एवढंच तिला पीएचडीसाठी बघायचं होतं. निम्म्यांना माशाचं तेल, निम्म्यांना सूर्यफुलाचं. कोणाला कुठलं, ती यादी पाकिटात बंद. बारा आठवडे, रोज एक गोळी. सगळं ठरवलं सायलीबाईंनी, पंचांग तेवढं बघायचं राहिलं.

"श्रावणात कशी घेणार, मॅडम?" सिन्नरहून आलेला धनराज म्हणाला. "आखाडात विचारा, एक दिवस चुकवला नाय!"

तिच्या पीएचडीच्या गाईड सरांनी फोनवर ऐकून घेतलं. "बोंबला. आता काही उपयोग नाही. फोडून टाका ते पाकीट."

सायलीला रडूच आलं. नाक पुसत तिने पाकीट फोडलं.

कॉलेजात झाडलोट करणारी कुसाबाई केव्हाची दाराशी उभी होती. "माझ्या गोळीत काय व्हतं, ताई?"

"बघते. पण मावशी, तुम्ही श्रावणातसुद्धा घेतली?"

"तुम्हाला हो म्हनले व्हते ना." कुसाबाईने पदर सारखा केला. "पयल्या दिवशीच गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठिवली. वीस वर्सांची माळ, पंचवटीतल्या म्हाराजांनी घातलेली. घरात अंडंसुदिक येत नाय आमच्या. गोळी घेतली की ढेकर यायचा, लय वास. तुळशीचं पान चघळत बसायचे. मन नुसतं खात व्हतं मला."

सायलीचं बोट यादीवरून खाली सरकलं आणि थांबलं. दिवसभरात पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

"अहो मावशी, तुम्हाला सूर्यफुलाचं तेल होतं! मासा नव्हताच त्यात. घरी जा आणि खुशाल माळ घाला."

कुसाबाईने यादीतलं आपलं नाव, बाटलीवरचा आकडा दोनदा वाचून दाखवायला लावला.

"पन ताई," ती म्हणाली, "मी तर मासा म्हनूनच गिळला ना?"