पेडलवरचा पाय

इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली मोरी तुंबली होती आणि रुग्णांचं जेवण खोळंबलं होतं. प्लंबर नवरा-बायको आले. नवऱ्याने तुंबलेल्या नळीत लांब स्प्रिंग फिरवत सोडणारं मशीन आत आणून ठेवलं आणि तो बाजूला झाला. बायकोने ओढणी काढून ठेवली, केस आवळून बांधले, चामडी हातमोजे चढवले. बाहेर लोंबणाऱ्या स्प्रिंगला पीळ पडून त्यात हात सापडू नये म्हणून तिने मशीन अगदी मोरीच्या तोंडाशी सरकवलं, बॅटरी बसवली आणि पायाने पेडल दाबलं. स्प्रिंग घरघरत आत गेली आणि मध्येच अडकली.

"दाबा ना जोरात! वाट कसली बघताय?" स्वयंपाकघराचे मॅनेजर ओरडले.

तिने पाय उचलला. मशीन जागच्या जागी थांबलं. उलटी फिरवून तिने स्प्रिंग मोकळी केली, पुन्हा हळूच आत सोडली. पुन्हा अडकली, पुन्हा पाय वर. मॅनेजर चुळबुळत होते. नवऱ्याची नजर मात्र तिच्या पायावरून हलत नव्हती. पाय वर गेला की त्याच्या जिवात जीव येई. अखेर स्प्रिंगच्या टोकाला गुंडाळलेलं फडकं बाहेर आलं आणि साचलेलं पाणी गडगडत खाली गेलं.

"मशीन भारी आहे हो तुमचं!" मॅनेजर खूश झाले.

"मशीन मी चालवायचो तेव्हाचंच आहे, साहेब." नवऱ्याने उजवा हात पुढे केला. त्याला तीनच बोटं होती. "तेव्हाही कुणीतरी जोरात दाबा म्हणालं होतं. मी ऐकलं. ही कुणाच्या बापाचं ऐकत नाही."