पाहुण्याचं गाठोडं

"थांब! गोफण खाली ठेव," आप्पासाहेब खालून ओरडले.

माळ्यावर उभ्या असलेल्या चांगुणाने फिरती गोफण आवरली. ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरत होता. चिमण्या तर उजाडल्यापासून कणसांना लटकलेल्या होत्याच.

"अन् पाखरं?" तिने सासऱ्याला विचारलं.

"पाखरं आज आपली पाव्हनी हायेत. सायबांना त्यांचं फोटू काढायचंत."

"मंग पाव्हन्यान्ला सुकडी घाला की, मामंजी. जवारी कशापायी?"

आप्पासाहेब सरीकडे वळले. यंदा शिवारात एवढाच तुकडा हिरवा होता. बाकीच्या रानात ढेकळं होती, आणि गाव दुष्काळी कामावर, सुप्याच्या रस्त्यावर खडी फोडत होतं, दुपारी मिळणारी सुकडी खात होतं. चांगुणाचा नवराही तिथेच होता. विहिरीच्या तळाचं पाणी ओढून ओढून सासरा-सून दोघांनी ही ज्वारी जगवली होती. घराची वर्षाची भाकरी त्या कणसांत होती.

पुण्याहून आलेले सुमंतसाहेब सरीत उताणे पडले होते. छातीवर कॅमेरा, कॅमेऱ्याला हातभर नळी. एका साप्ताहिकासाठी ते पाखरांचे फोटो काढत. जीपमधून उतरल्या उतरल्या त्यांनी सांगितलं होतं, की फोटोखाली शेताच्या मालकाचं नाव छापून येईल. तेव्हापासून आप्पासाहेब त्यांच्यामागे हात बांधून फिरत होते.

"आकाश फार पांढरं आहे हो," सुमंतसाहेब पडल्या पडल्या म्हणाले. "पाखरू म्हणजे नुसता काळा ठिपका दिसतो. खालून जरा उजेड मिळाला पाहिजे. एखादं पांढरं कापड अंथरता येईल?"

आप्पासाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. मग हात डोक्याला नेला आणि फेटा सोडायला सुरुवात केली. भावकीत कुणी गेलं तरच तो फेटा चारचौघांत उतरायचा. त्यांनी तो सरीत पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला ढेकळं ठेवली, आणि बोडक्या डोक्याने बाजूला उभे राहिले.

चांगुणाने पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं.

"वा! पोटाखालची पिसंसुद्धा दिसायला लागली," सुमंतसाहेब खूश झाले. कॅमेरा वाजू लागला. पाखरं खात होती. फेट्यावर कोंडा पडत होता.

"काय निर्धास्त खातात बघा. या भोरड्या फार लांबून येतात, आप्पासाहेब. परदेशातून."

"तिथल्यांनी हाकलून दिलं आसंल," माळ्यावरून आवाज आला.

सुमंतसाहेब हसले. "वहिनी मोठ्या विनोदी आहेत."

आप्पासाहेब हसले नाहीत. ते आगटीपाशी बसून हुरडा भाजत होते. गरम कणीस तळहातावर चोळायचे, फुंकर मारायचे आणि दाणे साहेबांच्या हातावर ठेवायचे. साहेबांना उठायला नको म्हणून ते स्वतःच वाकत होते.

"छान आहे," साहेब चावता चावता म्हणाले. "पण मागच्या साली हडपसरला खाल्ला, तो जास्त गोड होता."

"औंदा पानी कमी पडलं, सायेब," आप्पासाहेब अपराध्यासारखे म्हणाले.

ऊन चढलं. साहेबांना आता थवा एकदम उडतानाचा फोटो हवा होता. "वहिनी, मी हात वर केला की गोफण मारा. तोवर अजिबात हलू नका."

चांगुणा दगड धरून उभी राहिली. साहेब नळी फिरवत होते, डोळा लावत होते, काढत होते. एक ढग सूर्यावर येतो का म्हणून वाट पाहत होते. ढग काही येईना. पाखरं एका कणसावरून दुसऱ्यावर जात होती. अखेर हात वर झाला. दगड सुटला, तिने पोटातून आरोळी दिली, आणि सगळा थवा पांढऱ्या आकाशात उठला.

कॅमेरा वाजला नाही.

"अरेच्चा! रोल संपलाय," साहेब म्हणाले. "असू द्या. बसलेले भरपूर मिळालेत. उडतानाचा पुढच्या वर्षी घेऊ."

थव्याने एक गिरकी घेतली आणि तो तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला उतरला.

साहेब कपडे झटकत बांधाकडे निघाले. रानात आलेला पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. आप्पासाहेबांनी हाक दिली, "चांगुणे, सायबांना कनसं दे बांधून. चांगली बगून दे."

चांगुणा माळ्यावरून उतरली. विळा घेऊन ज्वारीत शिरली. सकाळभर जिथे पाखरं बसली होती, तिथली कणसं तिने एकेक करून कापली, फडक्यात घातली आणि वर घट्ट गाठ मारली. गाठोडं साहेबांना न देता तिने सासऱ्याच्या हातात दिलं.

आप्पासाहेबांचा हात वर उचलला गेला. एवढ्या मोठ्या गाठोड्याला त्यांनी जोर लावला होता, आणि कणसांत दाण्यांचं वजनच नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"चांगली बगूनच दिल्यात, मामंजी," ती म्हणाली, आणि परत माळ्यावर चढली.

आप्पासाहेबांचा फेटा अजून सरीतच होता. मग त्यांनी दोन्ही हातांनी गाठोडं पुढे केलं.

"एवढं कशाला हो!" म्हणत सुमंतसाहेबांनी ते घेतलं. ड्रायव्हरशेजारी बसताना कॅमेरा मागच्या बाकावर टाकला आणि गाठोडं मांडीवर ठेवलं. जीप बांधावरून उसळली, तेव्हा दाणे सांडू नयेत म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.