सासूबाई गोड बोलतात

“घे गं बाळ, मोसंबीची फोड घे,” लक्ष्मीबाई सुनेला म्हणाल्या, आणि अरुंधतीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

इंदूरच्या स्नेहलतागंजातले श्रीकृष्ण डॉक्टर खाटेशी बसून तिचे गुडघे तपासत होते. संधिवात जुनाच. पण आजवर अरुंधती कण्हत-कुंथत का होईना, घरभर फिरायची. आता महिना झाला, ती उठत नव्हती, धड जेवत नव्हती, नुसती रडायची. औषध तेच. सूज तर उलट उतरलेली! डॉक्टरांना काही उमगेना.

“आम्ही तर तिला इतकं जपतो हो,” नवरा रघुवीर दारातून म्हणाला. पोलोग्राउंडच्या कारखान्यातून तो आज रजा घेऊन आला होता. बिचाऱ्याचा चेहरा पार उतरला होता.

डॉक्टरांनी मायलेकांना बाहेर घालवलं आणि दार लोटलं. “वहिनी, बात क्या है? सांगा बरं मोकळेपणाने.”

“डॉक्टरसाहेब, खरं सांगा. माझे किती दिवस उरलेत?”

“अरे राम! असं कोण म्हणालं तुम्हाला?”

“सासूबाई.”

“काय म्हणाल्या?”

“बाळ म्हणाल्या!” आणि अरुंधती हुंदके देऊन रडायला लागली.

आता लक्ष्मीबाईंची जीभ काय चीज आहे, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक. मध्य प्रदेशची राजधानी इंदूरला न होता भोपाळला गेली, तो रागही या बाईने सुनेवरच काढला होता. अशी बाई महिनाभर गोड बोलतेय म्हटल्यावर सुनेने दुसरं काय समजायचं?

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “अहो, मीच त्यांना बजावलं होतं, दुखण्याने मन खचतं, सुनेला बोलू नका म्हणून! वहिनी, हा वात जन्मभर छळेल, पण जीव घेणार नाही. बिल्कुल नाही.”

दार धाडकन उघडलं. लक्ष्मीबाई बाहेर कान लावूनच उभ्या होत्या. पदर डोळ्यांना, आवाज मात्र पहिल्यासारखा.

“मरायला निघाली होतीस होय गं भवाने? मला न विचारता? महिनाभर जीभ दाताखाली धरून बसलेय मी, पोट फुगलंय माझं! दुखलं तर रड, माझ्या गळ्यात पडून रड. पण आज खिचडी पानात टाकलीस तर याद राख!”

अरुंधतीने खाटेचा काठ धरला. कळ आली, तोंड वाकडं झालं, पण ती उठून बसली.

“टाकू नको तर काय करू? मीठ असतं कुठे तुमच्या खिचडीत?”

लग्न होऊन आल्यापासून तिने सासूला कधी उलट शब्द दिला नव्हता. लक्ष्मीबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग उभ्या जागेवरून ओरडल्या, “रघुवीर, धाव रे, पेढे घेऊन ये! सून उलटून बोलली!”