अजून ठरलेलं नाही

निकालपत्राचं शेवटचं पान टाइप झालं, तशी स्टेनो निकुंभांनी न्यायाधीश हेमलता तांबट यांच्या मनगटावरची पट्टी सोडून घेतली. न्यायाधीशाचं मन नेमकं कोणत्या क्षणी ठरलं, ते ही पट्टी सांगे, आणि निकालाबरोबर तेही भर कोर्टात वाचावं लागे. कायदाच होता तसा.

बाहेर बाकावर गोदाबाई सातपुते बसल्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचा ऑक्सिजन त्यांनी मुद्दाम बंद केला, असा आरोप होता. निकालपत्रात जन्मठेप होती.

"माझं कधी ठरलं असेल हो?" हेमलताबाईंना भारी उत्सुकता. "डॉक्टरांच्या साक्षीला?"

निकुंभांनी पट्टी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"मॅडम, अजून ठरलेलंच नाही म्हणते ही."

"अहो, एवढी कारणं दिली आहेत मी!"

त्यांनी पानं चाळली. एकेक कारण चोख, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मग त्यांनी तो गठ्ठा बाजूला सारला.

"नवीन घ्या लिहून. माझी खात्री पटलेली नाही, म्हणून आरोपीची निर्दोष मुक्तता."

"आणि कारणं?"

"हेच कारण."

"मग ही एवढी पानं, मॅडम?"

"ती मी माझीच समजूत घालायला लिहिली होती, निकुंभ."