हसेल त्याचा फोटो

"कॅमेऱ्याचं चक्र हसऱ्या तोंडाच्या चित्रावर ठेवलंय," दानिएल खुर्चीतून बायकोला म्हणाला. "डोंगराचं चित्र डोंगरासाठी, फुलाचं फुलासाठी. ह्याच्यात तुला काय करायचंच न्हाई. बटन एकदा दाब आन् गप ऱ्हा. माणूस हसलं की दर वेळी कॅमेरा आपला आपण फोटो काढतो."

"म्हंजी तुमच्यापेक्षा शहाणा," ग्लॅडिस म्हणाली आणि बटण दाबलं.

समोर पेरूखाली लेक जस्मिन आणि जावई जॉन्सन. जस्मिनची पिशवी मोटारसायकलला बांधून झाली होती. उजेडात दौंड गाठायचं म्हणून जॉन्सन मघापासून बोटात किल्ली फिरवत होता. जाता जाता एक फोटो, एवढंच ग्लॅडिसनं मागितलं होतं. फोटोचं निमित्त. तिला लेक आणखी पाच मिनिटं दारात हवी होती.

पडद्यावर दोन तोंडं दिसत होती, दोघांभोवती पिवळ्या चौकटी. कॅमेरा गप्पच.

"हस की गं बाय," दानिएल म्हणाला.

जस्मिन हसली. दात दिसले. कॅमेरा ढिम्म.

"अजून हस!"

ती अजून हसली. हेच हसू घेऊन ती चार दिवस घरात वावरली होती. 'बाथरूममध्ये पाय घसरला' हेही तिनं असंच हसून सांगितलं होतं. सगळे फसले. कॅमेरा काही फसेना.

ग्लॅडिसनं पडद्यावरचं लेकीचं हसू निरखून पाहिलं.

"बिघडला वाटतं," दानिएल म्हणाला.

"थांबा मामा, तिला कसं हसवायचं ते मला ठाऊक हाय," जॉन्सन म्हणाला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. बोटं आत रुतली. जस्मिननं मान खाली घातली, लहान पोर अंगावर हात उगारल्यावर घालतं तशी. जॉन्सन मोकळा हसला.

खटक.

"आला! हसली शेवटी," दानिएल खूश झाला.

ग्लॅडिसनं फोटो पाहिला. त्यात एकच माणूस हसत होतं. कॅमेऱ्याला तेवढं पुरलं होतं.

"बघू, मामी." जॉन्सननं हात पुढं केला.

तिनं कॅमेरा दिला नाही. दोरी गळ्यात अडकवली आणि मोटारसायकलकडं गेली. जावयापुढं आजवर तिचा आवाज कधी चढला नव्हता. आताही चढला नाही.

"फोटो नीट आला न्हाई," पिशवीची गाठ सोडत ती म्हणाली. "जस्मिनला हसू येईस्तोवर ती इथंच ऱ्हाईल."

किल्ली फिरायची थांबली. दानिएल खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

जॉन्सन दोन पावलं पुढं आला, अगदी ग्लॅडिससमोर. मग सावकाश हसला.

तिच्या छातीवर कॅमेरा पुन्हा वाजला. खटक.

गाठ घट्ट होती. ग्लॅडिसनं ती दातांत धरली.