वाढणाऱ्यांची पंगत

फादर डेस्मंड यांनी तोंड उघडलं, तर राजसच्या प्रबंधाचं अडलेलं प्रकरण पुरं होणार होतं. प्रकरण पुरं झालं तर पीएच.डी.ची जागा, आणि जागेमागोमाग आयर्लंडमधला आणखी मुक्काम. नाही उघडलं, तर पुण्याचं तिकीट. सध्या फादर तोंड उघडत होते ते फक्त पुरणपोळीसाठी.

राजसचा विषय होता ॲथलोनजवळच्या एका जुन्या धर्मविद्यालयातलं शंभर वर्षांपूर्वीचं विद्यार्थीजीवन. विद्यालय कधीच बंद पडलेलं. तिथे शिकलेल्यांपैकी हयात सापडले ते नव्वदीचे फादर एकटेच. ते पुष्कळ नंतरचे; पण तिथले नियम त्यांच्या वेळेपर्यंत तसूभरही हलले नव्हते. अडचण एवढीच, की काहीही विचारलं तरी फादर म्हणायचे, "ग्रँड होतं." म्हणजे आयरिश बोलीत नुसतं 'छान होतं'. एवढ्यावर पीएच.डी.ची जागा कोण देतो?

म्हणून राजसनं त्यांना ओंगार या उपनगरात राहणाऱ्या मामेबहिणीकडे जेवायला आणलं. "ताई, तू नुसती वाढत राहा," तो नंदिनीला म्हणाला. डॉक्टर नंदिनी इस्पितळातली ड्यूटी संपवून आली ती तशीच पुरण शिजवायला उभी राहिली होती.

फादर ताटात कण ठेवत नव्हते. ताट रिकामं दिसलं की नंदिनी वाढत होती. पाहुण्याचं ताट रिकामं ठेवणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं, आणि भरलेलं ठेवणं फादरांच्या. तिचा नवरा रणजित बसल्या जागेवरून आग्रह करत होता. "फादर, लाजायचं नाही हं! आपलंच घर समजा."

शेवटी एका पोळीला फादर विरघळले.

"आम्हांला नको म्हणायची मुभा नव्हती," ते म्हणाले. "मागायचीही नव्हती. शेजाऱ्याच्या लक्षात आलं तर मीठ मिळायचं. आणि पोरं आळीपाळीनं वाढायची. वाढणाऱ्यांनी मागून बसायचं, उरेल ते खायचं. उरतंय का, हे आम्ही कधी वळून पाहिलं नाही."

राजसची बोटं लॅपटॉपवर धावू लागली. "हे कुठल्याच पुस्तकात नाही!"

"काय निर्दय माणसं!" रणजित हळहळला. "नंदिनी, तूप आण गं जरा."

"आणि ताई, फादरांना अजून एक."

नंदिनीनं डब्यातली शेवटची पोळी उचलली. फादरांनी ताटावर हात आडवा धरला.

"डॉक्टर, तुम्ही जेवलात?"

नंदिनी काही बोलायच्या आत रणजित म्हणाला, "ती मागून बसते, फादर. तिला तसंच बरं वाटतं."

"मग ती पोळी मला दे," स्क्रीनवरची नजर न काढता राजस म्हणाला. "वाया कशाला घालवायची?"

"ग्रँड होतं," म्हणून फादर ताटावरून उठले.

ते गेल्यावर राजसनं प्रकरणाचं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं : 'वाढणाऱ्यानं उपाशी राहायची ही प्रथा आज पूर्णपणे नामशेष झाली आहे.' रणजितनं "क्या बात!" म्हणून दाद दिली.

"आणि ताई, चहा टाक ना."

प्रकरण राजसला मिळालं, पाहुणचाराचं नाव रणजितचं झालं, पोट फादरांचं भरलं. चहाचं आधण येईतो नंदिनीनं ओट्याशी उभ्यानं ब्रेडच्या कडेच्या दोन चकत्या खाल्ल्या.