हॉजेस टार्व्हर यांचा शांत फोटो

"बंदूक नसलेला एखादा नाही का हो, मिस व्हर्डेल?"

लॉरेटाने अकरावा फोटो टेबलावर पालथा ठेवला. टेबलावर जागा अशी नव्हतीच. व्हर्डेलच्या बाबांना, हॉजेस टार्व्हरना, पुरून तीन दिवस झाले होते आणि चर्चच्या बायका अजून जेवण आणून टाकत होत्या. तळलेलं चिकन, मक्याचा पाव, पीचचा केक. व्हर्डेलने कशालाही हात लावला नव्हता. भूक नव्हती, रडूही नव्हतं. लोक येत, तिचे हात हातात घेत. ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत तशी ती बघत राही.

लॉरेटा नगरपालिकेच्या समितीवर होती. लुइझियानातल्या त्या गावात रुळांच्या अलीकडे, काळ्यांच्या वस्तीत, नवं वाचनालय उघडणार होतं. हॉजेस टार्व्हर वाचनालय. चाळीस वर्षांपूर्वी ज्या नगरपालिकेने हॉजेसना गुंड ठरवलं, तिनेच हे नाव एकमताने मंजूर केलं होतं. अडलं होतं ते फोटोवर.

चर्चच्या दारात हॉजेस, खांद्याला रायफल. मतदार यादीत नाव घालायला निघालेल्या बायकांच्या गाडीशेजारी हॉजेस, हातात रायफल. लाकडाच्या गिरणीतले चौदा कामगार, सगळे बंदुका घेतलेले, मधोमध हॉजेस. कोरियाच्या लढाईतून ते परतले ते एक खूणगाठ मनाशी बांधूनच: रात्री काळ्यांची घरं जाळत फिरणारे ते गोरे, पांढरे झगेवाले, वस्तीत आले, तर त्यांना कुणीतरी जागं भेटलं पाहिजे. त्या चौदा जणांचा पहारा होता तोवर वस्तीतलं एकही घर जळलं नाही. गेल्या आठवड्यात हॉजेस वारले, तेव्हाही रायफल पलंगाला टेकलेली होती.

"हा बघा," लॉरेटाने आणखी एक उचलला. "मांडीवर तान्ही मुलगी. तुम्हीच ना?"

"मीच. आणि गुडघ्याला टेकून उभी आहे ना, ती माझी थोरली बहीण."

लॉरेटाने फोटो डोळ्यांजवळ नेला. रायफलच होती. तिला हसू फुटलं, ते तिने घाईघाईने आवरलं.

"राग मानू नका, मिस व्हर्डेल. तुमच्या बाबांमुळे माझी आजी मत द्यायला जाऊ शकली, हे काय मला ठाऊक नाही? पण वाचनालयात लहान मुलं येणार. गोऱ्यांचीही येतील. घाबरून कसं चालेल? त्यांचं शांत रूप दिसू दे की जरा."

व्हर्डेल उठली. आतल्या खोलीत गेली आणि बाबांच्या बायबलातून एक फोटो काढून घेऊन आली.

लॉरेटाचा चेहरा खुलला. काळा सूट, छातीशी धरलेली हॅट, नजर खाली. आजूबाजूला कुठे बंदूक नाही.

"अगं बाई! हाच तर हवा होता. किती शांत दिसताहेत! एवढा वेळ कुठे दडवला होतात?" तिने पेन काढलं. "खाली काय लिहू? कसला कार्यक्रम होता?"

व्हर्डेल खुर्चीत टेकली. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तशा आवाजात सांगू लागली.

"सव्वीस जुलै, एकोणीसशे पासष्ट. लिहिलंस? त्या दिवशी पाद्रीबाबा आणि तेव्हाचे मेयर आमच्या घरी आले होते. 'हॉजेस, गाव निवू दे जरा, पहारा उठव,' म्हणाले. हात जोडले दोघांनी. बाबांनी ऐकलं. चौदा जणांच्या बंदुका चर्चच्या कपाटात गेल्या. कुलूप लावून किल्ली पाद्रीबाबांनी ठेवून घेतली."

"म्हणजे समेटाच्या दिवशीचा फोटो," लॉरेटा लिहिता लिहिता म्हणाली.

"नाही, पोरी. सहाव्या दिवशी झगेवाले आले. हा सातव्या दिवसाचा. एझेलला, माझ्या भावाला, पुरताना काढलेला."